पाण्यातलं मीठ

गिरगावातल्या अप्पा धुरंधरांनी जन्मभर माशाला मीठ लावलं ते तळण्याआधी. नातीचा गोल्डफिश मात्र त्यांना वाचवायचा होता. रव्यात घोळवल्यासारखे पांढरे ठिपके त्याच्या अंगभर उठले होते. मासा जिथून आणला त्या दुकानदाराने टाकीत मोजून मीठ घालायला सांगितलं.

"हळद-तिखटही काढू का?" त्यांची बायको दुर्गाबाई हसल्या.

ठिपके गेले, अप्पांनी मीठ घालणं थांबवलं, आणि आठवड्यात ठिपके दुपटीने परतले.

"काका, ठिपका गळला तरी त्यातला किडा मरत नाही. तळाच्या खड्यांत वाढतो," दुकानदार म्हणाला.

अप्पांनी पुन्हा मीठ घातलं, रोज तळ उपसला. अंग स्वच्छ झाल्यावरही दहा दिवस ते थांबले नाहीत. अकराव्या दिवशी मासा काचेशी येऊन तोंड उघडू लागला. दुर्गाबाईंनीच दाणे टाकले.

"खा रे बाबा. या घरात मीठ लावून जगलेला तू पहिलाच."