दोन वाट्या भात

माझी धाकटी बहीण अनसूया दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वर्षीच्या माघ महिन्यात, एका मंगळवारी, दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बेशुद्ध पडली. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. इन्सुलिनचे इंजेक्शन डॉक्टरांनी सांगितले होते तेवढेच तिने घेतले होते. भात सांगितला होता तेवढाच खाल्ला होता.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

आमचे घर कुसगावात. घरात आई, अनसूया आणि मी. पुण्याच्या एका दैनिकाला मी मावळच्या बातम्या पाठवत असे. आदल्या श्रावणात अनसूयेची तहान वाढली. उशाशी भरलेला तांब्या असायचा, तो संपवून ती पुन्हा घागरीकडे जाई. जेवण भरपूर होते, तरी अंग झडत चालले. मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. भाद्रपदात तिच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास येऊ लागला आणि बसल्या जागी धाप लागू लागली. तेव्हा तिला टांग्यातून लोणावळ्याच्या इस्पितळात नेले.

डॉक्टरांनी तिची लघवी एका निळ्या द्रावणात घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळली. द्रावण विटेसारखे तांबडे झाले. या चाचणीला बेनेडिक्टची चाचणी म्हणतात. रंग निळाच राहिला तर लघवीत साखर नाही. हिरवा, पिवळा, तांबडा असा चढत गेला तर साखर तितकी जास्त.

"मधुमेह आहे, कोवळ्या वयातला," डॉक्टर म्हणाले. "नुसत्या पथ्याने भागणार नाही. इन्सुलिन रोज टोचावे लागेल. जन्मभर."

"आन् लगीन?" आईने विचारले.

"आधी दिवाळी बघू द्या तिला."

इन्सुलिन हा शरीरातलाच एक रस आहे. रक्तातली साखर तो अंगाच्या कामी लावतो. अनसूयेच्या शरीरात तो तयार होणे थांबले होते. भात, भाकरी, गूळ यांतला जो भाग पोटात गेल्यावर साखर होतो, त्याला डॉक्टर कार्बोहायड्रेट म्हणत. तो जितका पोटात जाईल तितके इन्सुलिन टोचायचे. कमी पडले तर साखर चढते. जास्त झाले तर उतरते. चढलेली साखर जीव घ्यायला काही दिवस घेते, उतरलेली तासही घेत नाही, असे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितले.

त्यांच्याकडच्या छापील तक्त्यात पाव होता, बटाटा होता. भात नव्हता. भाताचा हिशेब त्यांनी स्वतः बसवला. दुपारी सपाट भरलेल्या दोन वाट्या आणि त्याआधी अर्धा तास सोळा युनिट. युनिट म्हणजे इन्सुलिन मोजायचे माप. आईने घरातली एक पितळी वाटी त्यासाठी वेगळी काढली. इंजेक्शन मी देत असे.

दिवाळी झाली. द्रावणाचा रंग हिरव्यापुढे गेला नव्हता. मार्गशीर्षात टाकव्याहून मामाच्या शेतातला नवा तांदूळ घरी आला. त्यानंतरच्या आठवड्यापासून रंग तांबडा येऊ लागला.

डॉक्टरांनी अनसूयेला विचारले, "चोरून काही खातेस?"

"न्हाई."

घरी आल्यावर आईने गुळाचा डबा पेटीत ठेवून कुलूप घातले. अनसूया बघत होती.

"मला बी घाल की कुलपात," ती म्हणाली. "तुझा घोर तरी मिटंल."

रंग उतरेना. डॉक्टरांनी सोळाचे चोवीस युनिट केले. रंग पुन्हा हिरवा झाला.

माघातल्या त्या सोमवारी धोंडूमामा आला. तो आईचा धाकटा भाऊ. त्याने खांद्यावरचे गाठोडे चुलीपाशी ठेवले.

"आक्का, आजारी पोरीला नवा तांदूळ घालतीस व्हय? लय जड पडतो. ह्यो आंबेमोहोर दोन सालाचा हाय. हिला ह्योच घाल."

"मामा, दोन सालं कुटं दडवलावता?" अनसूया म्हणाली. "आमच्या तोंडाला कदी लागला न्हाई."

"रोज सुई टोचून घे म्हंजी मान मिळतो," मामा म्हणाला. ती हसली.

आजाऱ्याला जुना तांदूळ द्यावा, तो हलका, हे आमच्याकडे घरोघरी मानतात. मंगळवारी आईने तोच शिजवला. भात मोकळा, फुललेला झाला होता. मी चोवीस युनिट टोचले. अर्ध्या तासाने आईने पितळी वाटीने दोन वाट्या वाढल्या.

जेवणानंतर तासाभराने अनसूयेला घाम फुटला. पुढे ती विनाकारण चिडली. आईने पदराने तिचे कपाळ पुसले, तेव्हा तिने आईचा हात झटकला आणि विचारले, "तू कोन?" मग तिची मान लुळी पडली आणि हातपाय आखडले. आईला पेटीचे कुलूप लवकर उघडता आले नाही. मी गूळ तिच्या गालाच्या आत चोळला. टांगा मिळून इस्पितळात पोहोचेपर्यंत ती शुद्धीवर आली नाही.

डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिले. या अवस्थेला हायपोग्लायसीमिया म्हणतात, म्हणजे रक्तातली साखर एकाएकी उतरणे. दिवेलागणीला तिने डोळे उघडले.

"मी जेवले का?" तिने विचारले.

डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावले. "आज घरात काय बदलले?"

"काय बी न्हाई. वाटी तीच. भात तेवढाच. तांदूळ तेवढा भावानं आनलाय, चांगला जुना."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला घरून दोन्ही तांदूळ आणायला सांगितले. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दोन्ही सारख्याच मापाने घेऊन वेगवेगळे शिजवले. नव्याचा भात चिकट, गच्च झाला. त्याच्या दोन वाट्या भरल्या. जुना पाणी पिऊन फुलला होता. त्याच्या जवळजवळ तीन भरल्या. जुन्याच्या दोन वाट्यांत दाणा तेवढा कमी होता. सोळा युनिट घरातल्या आदल्या सालच्या तांदळावर बसवलेले होते, चोवीस नव्या तांदळावर.

"मी वाटी मोजत बसलो," डॉक्टर म्हणाले. "तांदूळ मोजायला हवा होता."

तेव्हापासून तांदूळ कोरडा असतानाच जोखावा, असे ठरले. रुग्णाचा भात लहान पातेल्यात वेगळा शिजवावा. त्यातला एकही घास मागे ठेवू नये, दुसऱ्या पातेल्यातला वर घालू नये. घाम, थरथर, अवेळी चीड दिसली तर गूळ आधी द्यावा, विचार मागून करावा. गूळ कुलपात ठेवू नये.

अनसूया हयात आहे. तिचे तांदूळ ती स्वतः तराजूत जोखते, तोळ्यांच्या वजनांनी. पातेले चुलीवर आई ठेवते आणि उतरवतेही आईच. पान मांडले की आई भात वाढायचा डाव अनसूयेच्या हातात देते. त्या मंगळवारनंतर आईने तिला एकदाही भात वाढलेला नाही.