आप्पांच्या गाडीखालचं तेल

आमच्या आप्पांची दोन स्ट्रोकची मोटारसायकल सुरू झाली की अर्ध्या निमोणे गावाला ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला धुरामुळे काही दिसत नाही. हे अर्थात माझं मत. आप्पांना ते अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते हल्लीच्या गाड्या मुक्या असतात, त्यांच्या पोटात काय चाललंय ते मालकाला कळतच नाही.

आप्पा रेल्वेत गेटमन होते. दौंडकडच्या एका फाटकावर त्यांची बरीच नोकरी झाली. तिथला त्यांचा जोडीदार आता खुटबावला असतो, अर्धांगानं त्याची एक बाजू गेली आहे. दर रविवारी आप्पा पांढरा शर्ट चढवायचे, टाकीत पेट्रोलबरोबर मापानं ऑइल ओतायचे आणि खुटबाव गाठायचे. दोघं विहारात वंदनेला बसायचे आणि नंतर दुपारभर, कधीच निवृत्त झालेल्या साहेबांना शिव्या घालायचे. संध्याकाळी परत आलेले आप्पा दहा वर्षांनी तरुण दिसायचे. रविवार हुकला की पुढचा सगळा आठवडा आमचा वाईट जायचा.

आणि नेमका रविवारच धोक्यात आला. उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. पोर्चमधल्या नव्या फरशीवर गाडीखाली काळसर तेलाचा डाग दिसला.

मी कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात आहे. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढण्याचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करतो आणि त्याबद्दल घरच्यांनी माझे आभार कधीच मानलेले नाहीत. तर डाग बघताच माझ्यातला साहेब जागा झाला. मी जाहीर केलं, "गळती सापडेपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही. ऑइल मागच्या चाकावर गेलं तर घसरून पडाल."

"आरं, थेंबभर तेल हाय," आप्पा म्हणाले.

"थेंब असो नाहीतर डबा. बंद म्हणजे बंद."

आई तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

रविवारी सकाळी मी कामाला लागलो. दोन स्ट्रोकच्या जुन्या इंजिनाचं दुखणं असं, की ते सगळीकडून थोडं थोडं तेलकट असतं. सायलेन्सरच्या जोडावर न जळलेलं ऑइल येतं, कार्बोरेटरखाली पेट्रोलमिश्रित ओल असते, आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळंच. चालत्या गाडीच्या वाऱ्यानं हे सगळं मागं पसरतं, त्यामुळे तेल जिथे दिसतं तिथून ते आलेलं असेलच असं नाही. मी डिझेलनं इंजिन धुतलं, फडक्यानं कोरडं केलं आणि बायकोच्या डब्यातली पावडर त्यावर भुरभुरवली. जिथून तेल येईल तिथे पावडर भिजणार, ही युक्ती. बायको म्हणाली, "माझ्या लग्नात मलासुद्धा एवढी पावडर नव्हती लावली." मी लक्ष दिलं नाही.

गाडी जागेवरच सुरू ठेवली. थोड्या वेळानं किकच्या दांड्याभोवती पावडर ओली झाली. मी अक्षरशः टाळी वाजवली. किकच्या शाफ्टचं सील गेलं होतं. शिरूरला ओळखीच्या मेकॅनिककडून ते बदलून आणलं, पुन्हा सगळं धुतलं, पावडर लावली, गाडी चालवून बघितली. सगळं कोरडं ठणठणीत. रात्री जेवताना मी गळतीचं मूळ कसं शोधावं यावर छोटंसं भाषणही दिलं. आप्पांनी भाकरी मोडत ऐकून घेतलं. त्यांना त्याचा आनंद व्हायला हवा होता तितका झालेला दिसला नाही, पण मला वाटलं, भाषण लांबलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर डाग हजर.

इथून पुढे माझी जी फजिती झाली ती आठवली की मला अजून स्वतःचा राग येतो. ड्रेन नटाचा वायसर बदलला. क्लच कव्हरचं पॅकिंग बदललं. गिअरच्या शाफ्टचं सील बदललं. इंजिन प्रत्येक वेळी कोरडं, पावडर पांढरीशुभ्र, आणि खाली डाग. गिअरबॉक्समधलं तेल मोजलं तर ते तसूभरही कमी झालेलं नव्हतं. रोज गळणारी पण कधीच रिकामी न होणारी गाडी जगात माझ्याच घरी होती. आणखी एक गोष्ट, डाग जागा बदलायचा. आज किकखाली, उद्या ब्रेकच्या पेडलखाली. एकदा तर पार मागच्या चाकापाशी, जिथे वर इंजिनच नाही. मी त्यालाही कारण शोधलं. म्हटलं, फरशीला उतार असेल. लेव्हल ट्यूब आणून फरशी मोजली. गवंड्यानं काम चोख केलं होतं.

मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "सर, जुनी गाडी हाय. तिला काय सांगायचं?" आणि आणखी एक नवं सील काढून माझ्यापुढे ठेवलं.

मग मुंग्या आल्या. डागाभोवती लाल मुंग्यांची रांग. मी म्हटलं, कुणीतरी चहा सांडला असेल. शेजाऱ्यांचं मांजर येऊन डाग चाटून गेलं, तेव्हा त्या मांजराची मला काळजी वाटली. आता लिहिताना हसू येतं. कारखान्यात एखाद्या पोरानं असा अहवाल आणला असता तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

आप्पा मात्र घरात बसून होते. रविवारी फोनवर जोडीदाराला सांगायचे, "जयभीम, जयभीम. न्हाई रं, येनं जमायचं न्हाई. गाडी गळतीय. पोरगं बघतंय." मग फोन ठेवून माझ्याकडे बघायचे. "सापडलं का?" एवढंच. माझ्या जिवाला ते फार लागायचं. जोडीदार पांगळा, तो इकडे येऊ शकत नाही. बसनं जायचं तर दोनदा बदलावी लागते आणि आप्पांना ते कमीपणाचं वाटतं. एक साधी गळती मला सापडत नाही म्हणून दोन म्हाताऱ्यांची भेट तुटली, या विचारानं मी कामावरही चिडचिड करायला लागलो.

शेवटी ठरवलं, तेल पडताना बघायचंच. उजाडायच्या सुमारास उठलो आणि आवाज न करता पोर्चमध्ये आलो. गाडीशेजारी आई वाकली होती. हातात स्टीलची वाटी. वाटीतलं तेल ती चमच्यानं, भाजीला फोडणी घालावी तितक्या मापानं, गिअरच्या खाली सोडत होती. भजी-कुरडया तळून तळून काळं पडलेलं तेल.

मला बघून ती सरळ झाली आणि म्हणाली, "चहा ठेवू का?"

"आई, हे काय चाललंय?"

"हळू बोल. ह्ये उठत्याल."

मला आधी राग आला. बदललेली सगळी सीलं डोळ्यांपुढून गेली. मग हसू यायला लागलं, पण आईचं तोंड बघून ते थांबलं.

ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "हंगाम लागला तवा खुटबावासनं येताना पडलं ह्ये," ती म्हणाली. "नदीच्या पुलाअलीकडं वळन हाय न्हवं, तिथं. उसाचा ट्रॅक्टर आला दोन ट्रॉल्या घिऊन. ह्ये कडंला गेलं आन् खडीत घसरलं."

आप्पांचं कोपर खरचटलं होतं ते मला आठवलं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं दार लागलं, असं त्यांनी सांगितलं होतं.

"शर्ट धुताना मला बाहीत डांबराची खडी घावली. तवा कबूल केलं. म्हनलं, पोराला सांगू नको, त्यो गाडी इकून टाकंल. शपत घातली मला."

"मग?"

"मग काय? मी कुठं सांगितलं तुला? तूच म्हनलास, तेल गळतंय तवर गाडी बंद. तू त्ये सील का काय बदललंस आन् गळायचं थांबलं. आता रविवारी ह्ये जानार. मला रातभर झोप न्हाई. मग वतलं तेल." थोडं थांबून ती म्हणाली, "न्हाई म्हनून ऐकनारा मानूस हाय व्हय त्यो?"

खडीत पडलेले आप्पा, वरून गाडी, आणि बाजूनं उसाच्या ट्रॉल्या जातायत, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. मला भीती वाटली. घरातलं हे मोठं माणूस असं एखाद्या वळणावर जाऊ शकतं, हे तोवर माझ्या मनात आलंच नव्हतं.

संध्याकाळी आप्पांशी बोलायला गेलो. ते पडवीत खाटेवर बसले होते, तिथेच त्यांचं झोपणं. आईचं नाव न घेता त्यांना कसं समजवायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. गळती सापडणं कठीण दिसतंय, जुनी गाडी आहे, वगैरे. मी घसा खाकरला तेवढ्यात तेच म्हणाले, "आज जरा कमी वतलं तिनं."

मी बघतच राहिलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"हितनं पोर्च दिसतो सगळा. आन् ती वाकली की गुडघं वाजत्यात तिचं. पयल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत? मी इंजिन उघडून बसलो होतो!"

"तुला बरं वाटत हुतं. सुट्टीचा येळ जात हुता."

म्हणजे त्या घरात गळती शोधणारा मी एकटाच होतो. पण मला चिडायला वेळ मिळाला नाही. आप्पांचा आवाज खाली आला होता.

"फाटकावर हुतो तवा गाडी लांब असतानाच कळायची मला. रुळांवरनंच कळायची. त्यो ट्रॅक्टर पार अंगावर आला तरी कळला न्हाई रं. आता हँडल धरलं की हात कापत्यात." ते पोर्चकडे बघत राहिले. "दोस्ताला काय सांगू? भ्या वाटतंय म्हनून? गाडी गळतीय म्हनलं की भागतं. तिला सांगू नको ह्ये. तिला वाटंल, म्हातारा खचला."

आप्पांना कधी कशाची भीती वाटली असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या क्षणी मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. आमच्याकडे तशी पद्धत नाही. मी नुसता खाटेवर शेजारी बसून राहिलो.

रात्री जेवताना मी पुन्हा भाषण दिलं. सांगितलं, ही गळती जागेवर सापडणारी नाही. गाडी लांबवर, लोडवर चालवून बघावी लागेल. चालवणार मी, कारण मला इंजिनचा आवाज ऐकायचाय.

"लोड म्हंजी?" आईनं विचारलं.

"मागे कुणीतरी बसायला हवं. खुटबावपर्यंत."

आईनं आप्पांकडे बघितलं. आप्पांनी भाकरीकडे बघितलं. "बसतो मग," ते म्हणाले. "पोराच्या कामासाठी कायतरी करायला पायजेच."

रविवारी आईनं दोघा मित्रांना पुरेल एवढा डबा बांधून दिला. आप्पा पांढरा शर्ट घालून मागे बसले आणि निमोणं सुटायच्या आतच त्यांनी चुका काढायला सुरुवात केली. गिअर लवकर टाकतोस. क्लच दाबून ठेवतोस. खड्डा दिसत न्हाई का? मी सगळं ऐकून घेत होतो.

पुलाअलीकडचं ते वळण आलं. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता, मागे दोन ट्रॉल्या, बाजूनं ऊस लोंबणारा. मी वेग कमी केला आणि कडेला घेतलं. आप्पांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि हाड दुखेल इतका घट्ट बसला. ट्रॉल्या निघून गेल्या, पाचोळा खाली बसला.

"गाडी चालवतोस का ढकलतोस रं?" आप्पा माझ्या कानाशी ओरडले. "पळव की!"

मी तशीच हळू चालवत राहिलो. आप्पा पुन्हा ओरडले नाहीत, आणि खुटबाव येईपर्यंत त्यांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही.