ताईच्या लेकीची मालीश

“खबरदार माझ्या नातीला हात लावशील तर. उचल ती तेलाची वाटी.”

आई मालीशवालीवर ओरडत होती. मुलुंडच्या आमच्या चाळीतून तो आवाज निघाला आणि भांडुपपर्यंतचे कावळे उडाले. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा.

मालीशवालीचं तरी काय चुकलं होतं? बाळंतिणीच्या घरी पाचव्या दिवशी ती तेल-बेसन घेऊन येणारच. तिचे हात असे की पाटा चोळला तर पाट्यानेही बाळसं धरावं.

“पोर काय काचेची आहे का गं बाय?” ती म्हणाली.

आई गप्प झाली. आईला गप्प करणारी पृथ्वीवरची ती पहिली बाई. चोवीस वर्षांपूर्वी असंच बेसन लावताना माझ्या ताईच्या पाठीची साल निघून आली होती. वडिलांच्या घराण्यातलं दुखणं. कातडी जरा घासली की टरारून फोड. वडिलांची गिरणी बंद पडली, हे नाही बंद पडलं. ताईच्या लग्नात हिरवा चुडा हातात नाही, ताटात ठेवला होता.

तिला दिवस गेले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, बाळाला हे येईल किंवा येणार नाही. एवढं तर स्टेशनाबाहेरचा पोपटही सांगायचा. बाळंतपण मात्र सुखरूप झालं. नर्सने सलाईनच्या सुईवर चिकटपट्टी न लावता मऊ कापड बांधलं. लेक आली ती लोण्यासारखी, अंगावर डाग नाही. मी अख्ख्या चाळीला सांगून आले, दुखणं पळालं, पार कोकणात गेलं.

पण आईने नातीला जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं. घासायचं नाही, चोळायचं नाही. फोड आला नव्हता. दुखणं नाही म्हणून, की कोणी घासलंच नाही म्हणून, ते मात्र कोणालाच कळेना.

मालीशवाली गेली. आई रागारागात भांडी घेऊन नळावर गेली. ताईने मला दार लोटायला सांगितलं, लेकीचं पाऊल बाहेर काढलं आणि अंगठ्याने टाच चोळली. पाच-सहा वेळा. मुलगी झोपेतच रडली.

“ताई, काय करतेस?”

आम्ही दोघी त्या पावलाकडे बघत बसलो. मला एकही थाप सुचली नाही. चहाच्या वेळेला टाचेवर साबुदाण्याएवढं पाणी धरलं.

“कशाला चोळलंस गं?” मी रडत विचारलं.

ताई धोतराचा तुकडा सारखा करत होती.

“कोणीतरी कधीतरी चोळलंच असतं.”