निवडुंगाचं इरलं

शेजारचे भाऊ रेल्वेत सांधेवाले आहेत. त्यांच्या ओट्यावर फुटक्या मडक्यात बोटभर निवडुंग आहे. "लय गुणी हाय. पाणीसुदिक मागत न्हाई," असं ते मला कॉलेजला निघताना हमखास ऐकवतात.

लोणावळ्याच्या पावसात तो कुजू नये म्हणून त्यांनी त्याच्यासाठी पळसाच्या पानांचं चिमुकलं इरलं केलं. परवा ते वाऱ्याने उडालं, तेव्हा भाऊंनी स्वतःचंच इरलं त्याच्यावर पांघरलं. त्यांची बायको घागर घेऊन पाण्याला निघाली होती, भिजतच. ती म्हणाली, "मी तरी कदी काय मागितलं?"



आज सकाळी इरलं तिच्या डोक्यावर होतं आणि निवडुंग आत चुलीपाशी. भाऊ भिजत कामावर निघाले. निवडुंगाचं कौतुक त्यांनी केलं नाही.