आळ्यात टाक

राग कुशाबाईच्या नाकावर कायमचाच, पण त्या दिवशी तो नाकावर मावेना. मंचरच्या घरामागं लिंबू, पेरू, सीताफळ सगळी ऊन खाऊन माना टाकून उभी, आणि त्यांच्यासाठी वर्षभर कुजवलेलं खत भलत्याच गावाला जाऊन पडलेलं!

अन् खत तरी कसलं! मळ्यातल्या खड्ड्यात शेण, पालापाचोळा, भाजीची देठं थरावर थर देऊन मुरवलेलं. मुठीत दाबलं की गोळा व्हावा, टोकरलं की भुगा व्हावा. किती लागेल याचा तिचा अंदाज ठरलेला. दुपारी झाडाची सावली पडते तेवढा घेर धरायचा, त्यात दोन बोटं खत, वर चार बोटं उसाचं पाचट. बोटं आडवी मोजायची, उभी नव्हे. पाचट दबून निम्मं होतं, म्हणून टाकताना दुप्पट टाकायचं. आणि बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर खोड कुजलंच म्हणून समजा. शेजारणी आपल्या कुंड्यांसाठीही तिलाच विचारायला यायच्या आणि चार शब्द ऐकून घेऊनच परत जायच्या.

झालं असं, की सकाळी मळ्यावरून टेम्पोवाल्या अमजदचा फोन आला. "मावशी, खत भरलं, पाचट बी भरलं. कुठं टाकू?"

कुशाबाई शेजारच्या लग्नघरी पापड लाटत होती. आजूबाजूला बायकांचा हा गलका. "आळ्यात टाक, अजून कुठं! अन् नीट टाक," असं खेकसून तिनं फोन ठेवला.

अमजद बिचारा तडक गेला आळ्याला. आळे गाव कुशाबाईचं माहेर, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. ती झाडाच्या बुडाशी पाण्यासाठी केलेल्या आळ्याबद्दल बोलतेय, हे त्याच्या डोक्यात यायचं कसं? दुपारी येऊन हसत हसत सांगतोय, "चांगदेवमामांच्या दारात टाकलं, मावशी. लई खूश झाले. म्हणले, बहिणीचा राग गेला म्हणायचा."

बस्स! कुशाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग गेला? आई गेली तेव्हा याच चांगदेवनं सगळं उरकल्यावर फोन केला होता. मंचर ते आळे, तासाभराची वाट. आईच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायला पोटची लेक नको झाली त्याला! तेव्हापासून तिनं माहेरचा उंबरा ओलांडला नव्हता. आणि आता गावभर झालं असणार, की कुशी नमली, खत धाडून नमली.

"चल, बस टेम्पोत," ती अमजदवर ओरडली. "अन् घमेली घे. समदं परत आणायचंय."

आळ्यात चांगदेवच्या अंगणात शिरली तर काय, हा म्हातारा गुडघ्यावर बसून डाळिंबाच्या बुडाशी खत पसरतोय! तिला बघून त्याचा चेहरा असा फुलला, की तिला आणखीच संताप आला.

"ये कुशे, ये! अगं, चहा टाका कुणीतरी."

"चहा राहू दे. ते खत तुला न्हाई धाडलं. झाडाच्या आळ्यात टाक म्हणलं, हा बाबा गावात घेऊन आला."

चांगदेवचं हसू मावळलं. अमजद मान खाली घालून टेम्पोला टेकला.

"मला वाटलं, माफ केलंस," चांगदेव पुटपुटला.

"कशापायी माफ करू? सांग की! एक फोन करायला काय हात मोडले व्हते तुझे?"

"लोक म्हणले उशीर नको. ऊन व्हतं. मी बी भांबावलो व्हतो, कुशे..."

"लोकांची आई व्हती का ती?"

तो खाली वाकला, घमेलं ओढलं आणि पसरलेलं खत दोन्ही हातांनी ओरबाडून भरायला लागला. मातीसकट डाळिंबाची पांढरी बारीक मुळं वर यायला लागली.

"अरे मेल्या, मुळं तोडतोयस!" कुशाबाईनं त्याचा हात धरून बाजूला केला. "झाडानं काय घोडं मारलंय तुझं? ऱ्हाऊ दे तेवढं. ढिगातलं भर."

"समदं भरून देतो," तो म्हणाला. "एक कण ठेवून घेत न्हाई. तुझं हाय ते तुला परत देतो."

"खत देशील रे, दादा," कुशाबाई म्हणाली. "आईचं तोंड परत दाखवशील का?"