अकरा कोपरे आणि एक खाच

ग्लेनिस पोल्किंगहॉर्नच्या मागच्या जाळीच्या दाराला कडी होती, पण ती लावलेली मी कधी पाहिली नाही. आखातावरून वारा सुटला की दार आपटायचं. आपटलं की टेबलाशी बसलेली ग्लेनिस मान वर करायची, आणि टीव्हीसमोर बसलेला तिचा नवरा मर्व्हसुद्धा. दोघं दाराकडे बघायची, एकमेकांकडे कधीच नाही. मग ती पुन्हा नाण्यांत डोकं घालायची आणि तो क्रिकेटमध्ये.

आम्ही ॲडलेडपासून दोन तासांवर, आखाताकाठी असलेल्या पोर्ट पेंडर गावात राहायला आलो, तेव्हा सामान उतरवून व्हायच्या आत ती कुंपणावरून ताट पुढे करून उभी होती. ताटात पेस्टी, म्हणजे बटाटा, सलगम आणि मांस भरलेली, करंजीसारखी मुरड घातलेली मोठी पुरी. माझ्यासाठी मांसाऐवजी कांदा जास्त घातला होता. कुणीतरी तिला सांगितलं असणार.

"यात गाजर नाही हं," ती म्हणाली. "गाजर घालतात त्या पलीकडच्या मूंटा गावच्या बायका. आपल्यात चालत नाही."

'आपल्यात' म्हणून तिने मला त्याच दिवशी आत घेऊन टाकलं. पेस्टीच्या एका टोकाला कणकेचं एक अक्षर चिकटवलेलं होतं, माझ्या नावाचं. खाणीत जाणाऱ्यांची ही जुनी रीत. अर्धी खाऊन ठेवली तरी कुणाची ते कळावं. खाणी कधीच्या बंद झाल्या, अक्षरं राहिली. सुलभा हे नाव तिला पेलेना, म्हणून तिने त्यातलं 'सू' ठेवून घेतलं आणि उरलेलं मला परत केलं.

परत करायची सवयच होती तिला. दर मंगळवारी बँकेतून पन्नास सेंटच्या नाण्यांचे रोल आणायचे, टेबलावरच्या जुन्या ब्लँकेटवर फोडायचे, हवं ते काढून घ्यायचं आणि बाकीची परत करायची. याला इथले लोक नूडलिंग म्हणतात. शेवयांशी त्याचा संबंध नाही, पण मर्व्ह हा विनोद करायचा थांबला नाही. "आज जेवायला पण नूडल्सच का?" असं तो टीव्हीवरची नजर न काढता विचारायचा.

"तुला घालेन नाणी उकडून," ती म्हणायची.

कप्प्याकप्प्यांत नाणी बसवायच्या तिच्या निळ्या वह्यांमध्ये सगळं होतं. कॅप्टन कुकचं, राणीच्या राज्याच्या पंचविशीचं, राजपुत्राच्या लग्नाचं, देश एक झाल्याच्या शंभरीला प्रत्येक राज्याचं वेगळं काढलेलं. लाल अफूच्या फुलाचं दोन डॉलरचं आलं, तेव्हा ते तिला आधी चर्चच्या दानपेटीत दिसलं आणि तिने साधं नाणं टाकून ते उचललं, तर पाद्रीबाबा आठवडाभर चिडवत होते. पण तिचे दोन नियम होते. एक, विकत काही घ्यायचं नाही. जे यायचं ते या हातातून त्या हातात फिरत, सुट्ट्यातून यायला हवं. आणि दुसरा, बघून झालेली नाणी जिथून आणली त्या बँकेत कधी द्यायची नाहीत, ती लांब काडिना गावातल्या बँकेत नेऊन भरायची.

"का गं?" मी विचारलं होतं. "इतक्या लांब कशाला?"

"अगं, इथेच भरली तर तीच पुढच्या मंगळवारी माझ्या टेबलावर. आपलंच आपल्याला परत मिळतं. मग त्यात आलं काय नि गेलं काय?"

मला पहिल्यांदा वेगळं काही जाणवलं ते ब्रिस्बेनच्या राष्ट्रकुल खेळांच्या नाण्याशी. ब्याऐंशी सालचं, बारा कोपऱ्यांचं, गोल रिंगणात खेळाडूंच्या आकृत्या कोरलेलं. ते काही दुर्मीळ नाही, रोलमागे एखादं निघतंच. वहीत तिच्याकडे ते केव्हाच होतं. तरी प्रत्येक वेळी ते निघालं की ग्लेनिस डोळे मिटायची आणि अंगठा कडेवरून फिरवायची. ओठ हलायचे. मग डोळे उघडून ते परत करायच्या ढिगात टाकायची. देवाची माळ ओढणाऱ्या बाईकडे बघावं तसं मी तिच्याकडे बघत बसायचे.

"कोपरे मोजतेस?"

"हो."

"बाराच असतात की."

"एकाचे अकरा आहेत," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. बँकेतल्या टॅमीपासून धक्क्यावर खेकडे धरणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत गावाला ते ठाऊक होतं, मलाच नव्हतं. डॅरिल त्यांचा एकुलता एक. ते खेळांचं नाणं नवं निघालं, तेव्हा त्याला कुठूनतरी सुट्ट्यात मिळालं. त्याने ते मर्व्हच्या शेडमध्ये पकडीत धरून कानशीने एक कोपरा घासून त्याला खाच पाडली, आपलं म्हणून ओळखू यावं यासाठी. खेकड्यांच्या जाळ्यात आमिष कुणी भरायचं यावर बाप-लेक ते नाणं उडवायचे. मर्व्ह गव्हाच्या कोठारांवर कामाला, डॅरिलनेही तिथेच लागावं असं त्याचं म्हणणं. पोराला ते नको होतं. एका हिवाळ्यात सकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि डॅरिल लहान होडी घेऊन एकटा निघून गेला.

"होडी मिळाली. उलटी," ग्लेनिस म्हणाली. "पोरगा नाही मिळाला. आखाताने आजवर एवढ्या जणांना घेतलं, सगळ्यांना परत दिलं बघ. त्याला नाही दिलं. म्हणजे तो तिथे नाहीच. पोहून पलीकडे लागला, हमरस्त्याला आला, कुठल्यातरी ट्रकमध्ये बसून गेला पर्थला. बापाला धडा शिकवायला."

"आणि नाणं?"

"ते कायम खिशात असायचं त्याच्या. समुद्रात गेला असेल तर ते समुद्रात आहे. पण किनाऱ्याला लागला असेल, तर कधीतरी भूक लागली असेल, एखादी पेस्टी घेतली असेल, आणि ते दिलं असेल. मग ते फिरतंय कुठेतरी." तिने नवा रोल टेबलाच्या कडेवर आपटून फोडला. "ते माझ्या हातात आलं की मला कळेल."

मर्व्हने टीव्हीचा आवाज वाढवला. दार आपटलं. दोघांनी मान वर केली.

तेव्हापासून मीही तिच्याबरोबर बसू लागले. मला नाण्यांचं वेड कधीच नव्हतं. पण शेजारीण एकटी कोपरे मोजते आहे आणि आपण पलीकडे इस्त्री करतोय, हे काही बरं वाटेना. गंमत अशी की कुठल्याही दुकानात सुट्टे घेताना माझाही अंगठा आपोआप कडेवरून फिरायला लागला. आमचे हे म्हणायचे, "झालं, तुलाही लागलं." लागलंच होतं.

वर्षं गेली. मर्व्ह आधी बारीक झाला, मग अंथरुणाला खिळला, मग गेला. गावातल्या निवृत्त पुरुषांच्या कार्यशाळेला त्याची हत्यारं द्यायची म्हणून आम्ही दोघी शेड आवरायला घेतली. मासेमारीची त्याची पत्र्याची पेटी मी उघडली. वरच्या कप्प्यात गळ, खाली शिशाची वजनं, आणि त्यांच्याही खाली, कापडी चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी. ग्लेनिसने चिंधी सोडली. तिने नाण्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. नेहमीसारखे डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

मी तिचं तोंड बघत होते. अंगठा एका जागी थांबला.

"त्या दिवशी सकाळी त्यांनी उडवलं असणार," ती म्हणाली. "मर्व्ह जिंकला असेल नाहीतर हरला असेल. नाणं याच्याच हातात राहिलं. त्यावरूनच भांडण झालं असेल की काय, कोण जाणे."

"म्हणजे मर्व्हला माहीत होतं?"

"रोज माझ्यासमोर बसून टोस्ट खायचा मेला. 'आज नूडल्स का' म्हणायचा." मला वाटलं, आता ती रडेल, पेटी भिरकावेल. तिने शिशाची वजनं एकेक करून पुन्हा कप्प्यात रचली. "सांगितलं असतं तर माझं शोधणं संपलं असतं, सू. मग मी काय केलं असतं? त्याला माझी काळजी होती की स्वतःची लाज, हे विचारायला तरी तो थांबायला हवा होता."

त्या हिवाळ्यात ग्लेनिस विसरायला लागली. किटली कोरडी जळाली. वहीत एकाच्या जागी दुसरं नाणं बसलं, आणि ते तिला माझ्याकडून कळलं, हे तिला फार लागलं. मी तिला ॲडलेडच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. परतताना ती खिडकीबाहेरची हिरवी शेतं बघत होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "बेकरीपाशी थांबव."

आत आईमागून बेकरी सांभाळणारी जॅनेल होती. ग्लेनिसने क्रीमचा एक बन घेतला आणि पर्समधून सुटे काढून काउंटरवर ठेवले. त्यात ते खाचेचं नाणं होतं. मी तिचा हात धरला.

"ग्लेनिस, अगं, ते..."

"घे गं जॅनेल," ती म्हणाली.

जॅनेलने ते गल्ल्यात टाकलं. बाकीच्या नाण्यांवर पडल्याचा आवाज झाला. एवढंच. बाहेर बाकावर बसून ग्लेनिसने बनचे दोन तुकडे केले, मोठा मला दिला.

"डॉक्टर म्हणाला, आधी जवळचं जाईल, मग लांबचं. सगळ्यात जुनं शेवटपर्यंत राहील. म्हणजे ती शेड जाईल. ती चिंधी जाईल. हा बनसुद्धा जाईल. पोरगा राहील आणि नाणं शोधायचंय हे राहील." तिने ओठावरचं क्रीम पुसलं. "मग ते जर आलं हातात, तर तो जिवंत आहे हे मला खरं वाटेल. कळलं?"

"आणि मी?"

"तू गप्प राहायचंस. आठवण करून द्यायची नाही. शपथ घे."

"आणि नाहीच आलं तर?"

"इतकी वर्षं नव्हतंच आलं की. त्याची मला सवय आहे."

डॉक्टरचं म्हणणं खरं ठरलं. शेड गेली. मर्व्हची पेटी कुठे ठेवली ते ती मला विचारू लागली. मंगळवार मात्र गेला नाही. मी तिला गाडीतून बँकेत न्यायचे, टॅमी रोल काढून तयार ठेवायची. एका मंगळवारी बघून झालेली नाणी पिशवीत घेऊन ती त्याच खिडकीशी उभी राहिली.

"ही काडिनाला ना न्यायची?" मी म्हटलं.

"कशाला गं? बँका सगळ्या सारख्याच. पेट्रोल काय फुकट येतं?"

टॅमीने माझ्याकडे बघितलं. मी ग्लेनिसच्या हातातली पिशवी खिडकीतून आत सरकवली. आपलंच आपल्याला परत मिळतं, हे तिचंच वाक्य माझ्या जिभेवर होतं. बेकरीचा गल्ला त्याच बँकेत भरला जातो हे मला माहीत होतं. तिलाही कधीकाळी माहीत होतं.

त्यानंतर तिच्या टेबलाशी बसताना माझा जीव थाऱ्यावर नसायचा. ते येऊ नये असं वाटायचं, तरी दर रोल फुटला की मीच तिच्या आधी ब्लँकेटवर नजर फिरवायचे. आपल्या हाताने सोडलेली गोष्ट अंधारात आपल्याकडेच चालत येतेय, असा काहीतरी तो भास होता.

शरद ऋतूतली दुपार होती, वारा होता. ग्लेनिसने रोल फोडला, नाणी पसरली. खेळाडूंचं एक निघालं. तिने डोळे मिटले. ओठ हलले. आणि मला दिसलं, अंगठा थांबला.

"सू."

"काय गं?"

"हे मोज. माझी बोटं हल्ली खोटं बोलतात."

तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं. ते गरम होतं, तिच्या हाताने. मी कडेवरून अंगठा फिरवला. तिचे निळे डोळे माझ्या तोंडावरून हलत नव्हते. त्यात शेड नव्हती, चिंधी नव्हती, बनही नव्हता.

"अकरा," मी म्हणाले. "अकरा कोपरे आणि एक खाच."

यात खोटं काहीच नव्हतं.

ती रडली नाही. उठली, नाणं खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवलं आणि एप्रन बांधला. "म्हणजे पोरगा जवळच आहे. रोल आपल्याच बँकेतला, म्हणजे बेकरीपर्यंत आलाय. तिथली पेस्टी घेतली असणार, आणि ती त्याला आवडायची नाही. जॅनेलची आई गाजर घालायची." पिठात लोणी चोळता चोळता तिचा आवाज एकदम खाली आला. "मर्व्हला इतक्यात काही बोलू नकोस हं. आधी पोराला बसू दे, दोन घास खाऊ दे. मग घालू दे दोघांना काय घालायचा तो गोंधळ."

मी टीव्हीसमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मान डोलावली.

बटाटे मी चिरले. ती लाटत होती, भरत होती, मुरड घालत होती. हात जराही चुकत नव्हते. उरलेल्या कणकेची तिने अक्षरं केली आणि एकेका टोकाला चिकटवली. एक मर्व्हचं, एक तिचं, एक माझं. चौथ्या, सगळ्यात मोठ्या पेस्टीवरचं अक्षर तिने ओल्या बोटाने पुन्हा पुन्हा दाबून बसवलं.

ऊन उतरलं. आखातावरचा वारा वाढला आणि जाळीचं दार जोरात आपटलं.

ग्लेनिसने मान वर केली नाही. ती ओव्हनचं झाकण लावत होती. दाराकडे बघितलं ते मी.