डायलिसिसचं फेकलेलं पाणी आणि गफारमामू

गफारमामू गेले. आणि त्यांनी जोडलेला पाइप तीन आठवड्यांपासून तुटलेला पडलाय. माझ्या डोळ्यांसमोर.

सकाळी उदगीरहून फोन आला, तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. म्हणून लिहितेय. नीट लिहिलं जाणार नाही, सांभाळून घ्या.

मामू लातूरच्या आमच्या हॉस्पिटलमध्ये प्लंबर होते. मी तिथं डायलिसिस टेक्निशियन. मी कंधारहून नवीन आले तेव्हा पहिल्या दिवशी कँटीन कुठंय हे त्यांनीच दाखवलं. तेव्हापासून ते मामू आणि मी बेटी.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा आठवतोय?

वॉर्डातल्या संडासांना कुलपं लागली होती. पेशंटचे नातेवाईक बाहेर उघड्यावर जायचे. हॉस्पिटलच्या मागच्या वस्तीत पोरांना जुलाब. बाया टँकरचं पाणी प्यायला ठेवायच्या, मग हात धुवायला कुठलं?

डायलिसिस मात्र बंद ठेवता येत नाही. टँकर आला की पहिलं पाणी आमच्याकडं.

आता यात एक गोष्ट आहे. डायलिसिसला एकदम शुद्ध पाणी लागतं. ते करताना आरओ मशीन भरपूर पाणी बाहेर टाकतं. खारट असतं, पण घाण नसतं.

आमचं ते पाणी सरळ नालीत जायचं. रोज. मी रोज बघायचे.

मामूंनी एक दिवस त्या धारेखाली हात धरला आणि आत येऊन मला विचारलं,

"बेटी, ह्या पाण्याला रक्त लागलेलं हाय का?"

मी म्हटलं, नाही मामू, हे पेशंटपर्यंत जातच नाही. आधीच वेगळं होतं.

"मंग नालीत कामून सोडून राहिलो आपण?"

मामू तडक मॅनेजरसाहेबांकडं गेले, हे पाणी संडासांना आणि वस्तीला देऊ म्हणाले.

मॅनेजरसाहेब नाही म्हणाले. हॉस्पिटलचं पाणी लोकांना दिलं आणि कुणी आजारी पडलं तर जबाबदार कोण? त्यांचंही अगदीच चूक नव्हतं.

मामू वाद घालत बसले नाहीत. मोठ्या डॉक्टरांकडून सही आणली, पाणी तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला: प्यायचं नाही, धुण्याला, फ्लशला चालेल.

मग भंगारातल्या दोन टाक्या, स्टोअरमधले उरलेले पाइप, आणि चार दिवस.

एक लाइन वॉर्डातल्या संडासांना. दुसरी कंपाउंडच्या भिंतीबाहेर, वस्तीकडं. नळावर स्वतः लाल रंगानं लिहिलं, 'पिऊ नये'.

पहिले दोन दिवस वस्तीतलं कुणी फिरकलं नाही. कमलबाई तर तोंडावर बोलल्या, बिमार लोकांचं पाणी हाय, आम्ही न्हाई शिवणार.

मामू रोज ड्युटी संपली की त्याच नळावर हातपाय धुवायचे. साबण लावून, सावकाश.

तिसऱ्या दिवशी कमलबाई बादली घेऊन आल्या.

संडासांची कुलपं निघाली. वस्तीत संडासाला आणि धुण्याभांड्याला पाणी आलं, टँकरचं चांगलं पाणी हात धुवायला उरायला लागलं. मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर मला म्हणाल्या, मागच्या वस्तीतली जुलाबाची लेकरं कमी झालीत गं.

त्यानंतर पाऊस झाले, लोक दुष्काळ विसरले. पण पाइप चालूच राहिला. मामू रिटायर होऊन उदगीरला गेले तरीही.

तीन आठवड्यांपूर्वी नव्या बिल्डिंगचं शेवटचं काम काढलं. ठेकेदाराच्या माणसांनी दोन्ही लाइन कापल्या.

मी तिथंच होते. माझा पेशंट मशीनवर होता. खिडकीतून बघितलं आणि गप्प बसले. हे खरंय, म्हणून लिहितेय.

कमलबाईंनी मामूंना फोन केला. मामूंनी मला केला. मी म्हटलं, बघते.

चार दिवसांनी ते एसटीनं लातूरला आले. जिना चढून धाप लागली होती. मी त्यांना खुर्चीत बसवलं, बीपी बघितलं. म्हटलं, मामू, तुम्ही घरी जा, आराम करा, मी करते काहीतरी.

जाताना एवढंच म्हणाले, "पाना लावायला दोन घंटे लागतात बेटी. इचारायलाच टाइम लागतो."

मी विचारलंच नाही. नव्या बिल्डिंगच्या उद्घाटनाची गडबड, सगळे बिझी, मग बोलू म्हटलं. रोज मग बोलू.

आज पहाटे त्यांना अटॅक आला. दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत.

दुपारी उदगीरला जाऊन आले. माणसं त्यांना दफनासाठी घेऊन गेली होती. मी आत बायांमध्ये खालाजवळ बसले. खाला म्हणजे मामूंच्या पत्नी.

रडू आलं तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं की पाइप अजून जोडला नाही, मी बोललेच नाही कुणाला.

त्यांनी माझा हात धरला. मग हळूच म्हणाल्या,

"परवा सारखे तेच विचारत होते. मी बोलले, बेटीचा फोन आला होता, जोडला म्हणून. मग शांत झोपले. आता तू मला खोटी पाडू नको."

बसमध्ये पूर्ण रस्ताभर तेच वाक्य.

लातूरला उतरून घरी गेले नाही. सरळ मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये. ते म्हणाले, उद्घाटन झालं की बघू.

मी म्हटलं, नाही सर. उद्या.

आयुष्यात पहिल्यांदा वरच्या माणसाला नाही म्हटलं. मोठ्या डॉक्टरांनाही बोलावून घेतलं, जुना रिपोर्ट टेबलावर ठेवला. शेवटी साहेबांनी ठेकेदाराला फोन लावला. उद्या दहाला माणूस येतोय.

येईल ना? माहीत नाही. मी सुट्टी टाकलीय. पाइपजवळ उभी राहणार आहे. कमलबाई पण येते म्हणाल्या.

मामू, तुम्ही होतात तोवर जमलं नाही माझ्याकडून.

माफ करा. सुखानं जा.